घर कुठं घ्यावं : बडनेऱ्यात की अमरावतीत?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

आमच्या वऱ्हाडात 'अपडाऊन' हा शब्द इंग्रजी आहे, हे आता कुणाच्या ध्यानातही राहिलेलं नाही. 'पोरगा काय करते तुमचा?' असं विचारलं तर 'अपडाऊन करते' असं उत्तर मिळतं. जणू अपडाऊन हीच नोकरी, आणि कचेरीतलं काम हा तिच्या मधला विसावा! कौंडण्यपुरात सकाळी शिकवायला येणारे गुरुजी कुणी कुऱ्ह्याहून येतात, कुणी नदीपलीकडच्या आर्वीहून, कुणी थेट अमरावतीहून. त्याच वेळी गावची शिकली-सवरली मुलं उलट दिशेनं निघालेली असतात.

माझ्या भाच्याला अकोल्यात नोकरी लागली. त्याची बायको अमरावतीच्या एका खासगी दवाखान्यात नर्स. मुलगा दुसरीत. आणि त्याची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, कौंडण्यपूर सोडायला तयार नाही. सगळ्यांनीच अकोल्याला जावं तर सुनेची नोकरी जाते आणि बहीण आणखी लांब पडते. तेव्हा दोनच पर्याय उरले. बडनेऱ्यात किरायानं खोली घ्यायची, नाहीतर अमरावतीत. भाचा म्हणाला, 'मामू, तुम्ही सांगा.' कवी माणसाला हिशेब विचारणारे लोक जगात फार थोडे, त्यामुळं मीही मनावर घेतलं. ज्या घरांत असा प्रश्न आज पडला आहे, त्यांना या हिशेबातलं थोडंफार उपयोगी पडेल, म्हणून तो इथं मांडतो.

आधी हा प्रश्न पडतोच का, ते पाहू. अमरावतीएवढं शहर असताना मुख्य लाइनीचं स्टेशन दहा किलोमीटर दूर बडनेऱ्यात का? 'ग्रेट इंडियन पेनिन्सुला' कंपनीची रेल्वे १८६७ साली नागपूरला पोचली. हे काम चालू असतानाच, १८६१ ते १८६५ या काळात, अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. पण रूळ मुंबई-नागपूर असे सपाटीवरून सरळ गेले आणि कापसाच्या मोठ्या पेठा बाजूला राहिल्या. मग त्या पेठांसाठी फाटे काढावे लागले. खामगावला जलंबहून फाटा, अमरावतीला बडनेऱ्याहून. पुढं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरला, पुलगावहून आर्वीला अरुंद रूळ पडले. नकाशा समोर ठेवून पाहा, वऱ्हाडात गाव एकीकडं आणि स्टेशन दुसरीकडं हीच रीत दिसते. त्या छोट्या गाड्या आता थांबल्या. अमरावतीचा फाटा मात्र चालू आहे. रूळ टाकणाऱ्यांच्या डोळ्यांपुढं कापसाच्या गाठी होत्या. रोज सकाळी डबा घेऊन निघणारा माणूस त्यांच्या हिशेबात नव्हता.

१९८३ साली अमरावती महानगरपालिका झाली, तेव्हा बडनेरा तिच्यात आलं. कागदावर दोन्ही एकच शहर. पाणीही दोघांना एकाच ठिकाणचं, सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणाचं. म्हणजे 'तिकडं पाणी बरं' हा वाद इथं फारसा उरत नाही. फरक आहे तो वेळेचा आणि किरायाचा. बडनेऱ्यात किराया साधारणपणे कमी, आणि स्टेशन पायी अंतरावर.

चहाच्या टपरीवर हा प्रश्न टाकला तर दहापैकी नऊ जण बडनेराच सांगतील. त्यांचा हिशेब सोपा असतो. बडनेरा ते अकोला सुमारे ऐंशी किलोमीटर, गाडीनं तास-सव्वातास. अमरावतीत राहिलं तर घरून निघून, ऑटो बदलून, बडनेऱ्याच्या फलाटावर उभं राहीपर्यंत पस्तीस मिनिटं जास्तीची. येताना पुन्हा पस्तीस. महिन्याचे पंचवीस दिवस कामाचे धरले तर एकोणतीस तास झाले, म्हणजे महिन्यातला सव्वा दिवस नुसता ऑटोत. अमरावतीच्या आपल्या स्टेशनावरूनही गाड्या सुटतात, हे खरं. पण मुंबईची गाडी संध्याकाळी निघते आणि सकाळी परत येते. मुंबईला जाणाऱ्याच्या ती सोयीची, अकोल्याची कचेरी गाठणाऱ्याच्या नाही.

इथं पासाविषयी थोडं सांगायला हवं, कारण नवीन माणूस त्यातच फसतो. रेल्वेचा मासिक पास दीडशे किलोमीटरपर्यंत मिळतो. बडनेरा-अकोला त्यात आरामात बसतं. तीन महिन्यांचा पास एकदम काढला तर पावणेतीन महिन्यांपेक्षाही थोडे कमीच पैसे पडतात. पण पास म्हणजे प्रत्येक गाडीचा परवाना नव्हे. आरक्षित डब्यात पासवाल्याला बसता येत नाही, आणि सुपरफास्ट गाडीसाठी वेगळा अधिभार भरावा लागतो. तेव्हा वेळापत्रकात वीस गाड्या दिसल्या तरी आपल्या कामाच्या किती, ते बोटांवर मोजावं. बोटं उरतात!

आणि मोजताना सकाळची गाडी पाहू नये, संध्याकाळची पाहावी. सकाळी माणूस ताजा असतो, गाडी चुकली तर दुसरी धरतो, कुणाच्या मोटारीत बसतो, साहेबाचं बोलणं ऐकून घेतो. संध्याकाळी साडेसहाला काम सुटलं, नेहमीची गाडी गेली, पुढची दोन तास उशिरा, म्हणजे बडनेऱ्यात उतरायला रात्रीचे दहा. बडनेऱ्यात घर असेल तर दहा मिनिटांत पाय धुऊन माणूस जेवायला बसतो. अमरावतीत घर असेल तर स्टेशनाबाहेर ऑटोवाल्याशी घासाघीस सुरू होते, आणि रात्रीचा भाव दिवसाचा नसतो. सांगायचं इतकंच की, घराचं अंतर शेवटच्या गाडीवरून मोजावं.

गाडीवरच सगळी भिस्त ठेवू नये, हेही आपण पाहिलं आहे. मार्च २०२० मध्ये रेल्वे थांबली, आणि पुढं गाड्या सुरू झाल्या तरी साध्या पासवाल्याला बरेच दिवस डब्यात जागा नव्हती. ती घडी बसते न बसते तोच नोव्हेंबर २०२१ ते एप्रिल २०२२ एसटीचा संप चालला. ज्यांच्या घराजवळ रेल्वे आणि रस्ता दोन्ही होते, ते कसेबसे तरले. अकोल्याच्या रस्त्याचीही एक गोष्टच आहे. कितीतरी वर्षं तो रखडलेला, खड्ड्यांचा. आणि मग जून २०२२ मध्ये लोणी ते माना दरम्यान एकशेपाच तासांत पंचाहत्तर किलोमीटर डांबर टाकून त्याच रस्त्यानं गिनीज बुकात नाव नोंदवलं. आम्ही वऱ्हाडी लोक काम मागं ठेवतो, पण एकदा धरलं की विक्रम करतो, असं म्हणून मी तेव्हा टाळी घेतली होती. आज त्या रस्त्यामुळं गाडी चुकलेल्या माणसाला परतायला एक वाट तरी आहे.

इथपर्यंतच्या हिशेबात बडनेरा जिंकलं होतं. भाच्यानं एक खोली पाहूनही ठेवली. तेव्हा सूनबाई माझ्याकडं आली. तिच्या हातात मुलाच्या वहीचं एक पान होतं. ती म्हणाली, 'मामू, सगळे यांचेच मिनिटं मोजतात. माझे कोण मोजते?'

तिनं मोजले होते. बडनेऱ्यात राहिलं तर यांची सत्तर मिनिटं वाचतात. पण तिला दवाखान्यात जायला-यायला तास लागतो. मुलाची शाळा अमरावतीतच ठेवली तर त्याचाही तास. म्हणजे सत्तर वाचवायला एकशेवीस खर्च! शिवाय तिला आठवड्यातून दोनदा रात्रपाळी. त्या दिवशी नवरा अकोल्याहून वेळेवर आला नाही, तर मुलाजवळ कोण? अमरावतीत असलं तर दवाखान्यातली एखादी मैत्रीण तरी हाकेच्या अंतरावर असते. आणि सासूबाईंना पाहायला कौंडण्यपूरला जायचं तर एसटी अमरावतीच्या मध्यवर्ती स्थानकावरून धरायची. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, ती सवलतही तिनं पानावर लिहिली होती. सुनेच्या पानावरची बेरीज माझ्या बेरजेपेक्षा पुरी होती.

जगभर या विषयावर अभ्यास झाले आहेत. ब्रुनो फ्राय आणि अलोइस स्टुटझर या स्वित्झर्लंडमधल्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतल्या कुटुंबांची बरीच वर्षांची माहिती तपासली. अर्थशास्त्राचं पुस्तक म्हणतं, जो रोज लांबून येतो, त्याला स्वस्त घर नाहीतर चांगला पगार यातून भरपाई मिळत असणार, नाहीतर तो येईल कशाला? त्यांना आढळलं की भरपाई पुरी होत नाही. प्रवास जितका लांब, तितकं माणसाचं समाधान कमी. याचं कारण मला असं वाटतं की, किराया आकड्यात दिसतो आणि थकवा दिसत नाही. पहिल्या तारखेला वाचलेले पैसे माणूस मोजतो. रात्री मुलानं दाखवायला आणलेली वही न बघताच झोप लागली, ते कोण मोजणार?

मग आम्ही दोन्ही पानं शेजारी ठेवली. बडनेरा की अमरावती, हा प्रश्नच जरा बदलून पाहिला. बडनेरा रोड घ्या. राजापेठेकडून नवाथे, सातुर्णा असं बडनेऱ्याकडं जाताना मधल्या वस्तीत घर मिळालं, तर स्टेशन पंधरा-वीस मिनिटांवर येतं आणि दवाखाना, शाळाही तेवढ्याच अंतरावर. तिघांची मिळून बेरीज सगळ्यांत कमी होते. किराया थोडा जास्त, पण ऑटोचे पैसे वाचतात. हिशेब सुटला, असं वाटलं.

पुढची गोष्ट वेळापत्रकात नाही. त्या पट्ट्यात भाच्यानं पाच-सहा ठिकाणी फोन केले. खोली रिकामी आहे, या पाहायला, असं म्हणायचे. मग नाव विचारायचे. नाव सांगितलं की पलीकडं दोन सेकंद शांतता. मग, 'अरे, कालच दिली हो. घरच्यांनी सांगितलंच नाही मला.' कुणी वाईट बोललं नाही. सगळे गोडच बोलले. एकानं तर दुसरी खोली कुठं मिळेल तेही सांगितलं. 'तुमच्या लोकांत पाहा ना, वलगाव रोडकडं.' आता वलगाव रोड शहराच्या या टोकाला आणि बडनेरा त्या टोकाला. म्हणजे नावामुळं भाच्याच्या प्रवासात अर्धा तास वाढणार, रोज. आयुष्यभर मराठीत लिहीत आलो, गावच्या पालखीबरोबर वेशीपर्यंत चालत आलो. रुक्मिणीचं माहेर असलेल्या गावचा माणूस म्हणून अभिमान बाळगतो. त्या फोनवर यातलं काहीच सांगायची संधी नसते. आणि का सांगावी? खोली किरायानं घ्यायची आहे, सोयरीक थोडीच जुळवायची आहे! हे फक्त आमच्याच बाबतीत होतं असंही नाही. जात विचारणारे आहेत, मांसाहार विचारणारे आहेत, एकट्या राहणाऱ्या नोकरदार मुलीला नकार देणारे आहेत. घर शोधणाऱ्यानं हा वेळही हिशेबात धरावा. दोन आठवड्यांत होणाऱ्या कामाला दोन महिने धरले, म्हणजे घाईत भलतीच खोली गळ्यात पडत नाही.

खोली मिळाली की करार. 'अकरा महिन्यांचा आहे, नोंदणीची गरज नाही' हे वाक्य आपल्याकडं सर्रास ऐकू येतं. महाराष्ट्रात ते खरं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या कलम ५५ प्रमाणं करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसताना वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. मालकावर धाक घालायला मी हे सांगत नाही. बाहेरगावहून आलेल्या माणसाला मुलाच्या शाळेत, गॅसच्या कचेरीत, सगळीकडं पत्त्याचा पुरावा लागतो. तिथं हा नोंदलेला करार उपयोगी पडतो.

अनामत रक्कम देण्याआधी एक आठवडा अपडाऊन करून पाहावं, असं मी सुचवलं. त्यात एक सोमवार आणि एक शनिवार असावा, कारण सोमवारची गर्दी आणि शनिवारची परत येणारी गाडी यांचा स्वभाव वेगळा. भाच्यानं एका मित्राकडं राहून तसं केलं. सूनबाईनंही त्याच घरून दवाखाना गाठून पाहिला.

शेवटी खोली बडनेरा रोडच्या बाजूलाच मिळाली. नाव ऐकून मालकांनी काही विचारलं नाही. रात्रपाळीच्या दिवशी फाटक कोण उघडणार, एवढीच त्यांना काळजी होती. किल्ली दोघांकडं ठेवायची, असं ठरलं. करार नोंदवला. भाच्यानं जुनी सायकल बडनेऱ्याच्या स्टँडवर लावायला सुरुवात केली आहे. संध्याकाळी गाडी कितीही उशिरा आली तरी ऑटोवाल्याकडं पाहावं लागत नाही.

माझी बहीण मात्र अजून एकदाच तिकडं राहून आली. कौंडण्यपूरहून अमरावतीपर्यंत एसटीचं अर्धं तिकीट. स्थानकावरून लेकाच्या घरापर्यंत ऑटोला मात्र त्याहून जास्त पैसे पडले. ते तिला अजून पटलेलं नाही.