न वाचलेल्या निरोपांचा ताळा

मोबाइलवर व्हॉट्सअ‍ॅप उघडले की नावांपुढे लहानसे आकडे दिसतात : इतके निरोप आपण अद्याप वाचलेले नाहीत. एवढ्या क्षुल्लक मोजणीत संगणक चुकेल कसा, असे कोणासही वाटेल. संगणक मोजण्यात सहसा चुकत नाही. काय मोजावयाचे हे त्याला सांगण्यात माणूस चुकतो.

आपणच धाडलेला निरोप धरावयाचा काय? अर्थात नाही. संभाषण डोळ्यांसमोर उघडे असताना आलेला? तोही नाही. पण संभाषण तसेच उघडे ठेवून मोबाइल खिशात गेला असेल, तर मात्र धरलाच पाहिजे. संपर्क तुटून पुन्हा जुळला म्हणजे एकच निरोप कधी दोनदा येतो. तो एकदाच मोजावयाचा. म्हणून निरोप आला की एक मिळवा, वाचला की एक वजा करा, ही सोपी रीत धोक्याची. एक वजाबाकी चुकून दोनदा झाली की आकडा बिघडलेलाच राहतो. त्यापेक्षा कोठवर वाचले त्याची खूण ठेवून पुढचे निरोप दर वेळी नव्याने मोजावेत, हे बरे.

हा मोजणीचा तुकडा वेगळा काढून, त्यास कल्पित निरोप देऊन उत्तर ताडून पाहणे, यास युनिट टेस्टिंग म्हणतात. तपासनीसही आज्ञावलीच असते; त्यामुळे प्रत्येक फेरफारानंतर शेकडो चाचण्या काही सेकंदांत होतात. केंट बेक आणि एरिक गामा यांनी १९९७ साली जावा भाषेसाठी जेयुनिट हे साधन रचले, तेव्हापासून ही रीत फार फैलावली. अपेक्षित उत्तर मात्र हाताने मोजून लिहावे. त्याच सूत्राने काढले तर तो ताळा कसला? आकडा दाखविणाऱ्या तुकड्याची परीक्षा निराळी : शून्यास वर्तुळ नाहीसे व्हावे आणि ९९ पर्यंतच दाखवावयाचे ठरले असेल, तर १०० ला ९९+ उमटावे.

आकडा एकने जास्त दिसला तर माणूस उघडून पाहतो आणि चरफडतो. एकाच्या जागी शून्य दिसले तर तो पाहतच नाही. समजा, रुग्णालयातून मुलाने १० वाजून २ मिनिटांनी रक्ताची निकड कळविली, पण त्याचा संपर्क तुटलेला होता. वडिलांनी बाकीचे निरोप १०.०५ ला वाचले, हा १०.०७ ला पोचला. वाचल्याची खूण धाडणाऱ्याच्या घड्याळावर बेतली असेल, तर हा निरोप खुणेच्या मागे पडतो आणि आकडा शून्यच राहतो. चाचणीत हेच तीन वेळांचे आकडे घालावेत आणि अपेक्षित उत्तर १ लिहावे. उत्तर चुकले, तर खूण पोचण्याच्या क्रमावर बांधून चाचणी पुन्हा चालवावी.