वहिनींच्या हातची आमटी

करकंबची बाजार आमटी ठाऊक नाही असा माणूस आमच्या सोलापूर जिल्ह्यात विरळा. आमच्या घरी ती थोरल्या वहिनींच्या हातची. १९९१ साली वहिनींना गर्भाशयमुखाचा कर्करोग झाला आणि 'शेक' घेण्यासाठी त्या महिना-दीड महिना बार्शीला राहिल्या. परत आल्या तेव्हा गावात कुजबुज सुरू झाली होती : 'त्यांच्या अंगात किरणं भरल्यात, जवळ बसू नका.' हळदीकुंकवाची बोलावणी थांबली. त्यांच्या हातची आमटी ताटात तशीच राहू लागली.

गावाला नावं ठेवण्याचा अधिकार मला नाही. मी शिकलेला, बँकेत अधिकारी. दिवाळीला गावी गेलो आणि वहिनींच्या मांडीवर बसलेल्या माझ्या तीन वर्षांच्या मुलाला काहीतरी निमित्त काढून उचलून घेतलं. वहिनी बोलल्या नाहीत. पदर सारखा केला, एवढंच.

त्या भीतीचा हिशेब मी पुष्कळ उशिरा मांडला.

अशा उपचारासाठी त्या काळी सर्रास वापरलं जाई ते कोबाल्टचं यंत्र. कोबाल्ट-६० या धातूच्या अणूचं केंद्रक अस्थिर असतं. ते कधीतरी एक इलेक्ट्रॉन बाहेर फेकतं, पाठोपाठ गॅमा किरण सोडतं आणि निकेल होऊन शांत बसतं. यालाच किरणोत्सर्ग म्हणायचं. कोणता अणू आज फुटेल हे कुणालाच सांगता येत नाही. पण कोणता खातेदार आज पैसे काढायला येईल हे ठाऊक नसतानाही शाखेत किती रोकड लागेल याचा अंदाज आम्ही बांधतच होतो. अणूंची गर्दी तर खातेदारांपेक्षा अफाट मोठी, म्हणून तिथला अंदाज नेमका ठरतो : ५.२७ वर्षांत निम्मे कोबाल्ट अणू संपतात. हे त्याचं अर्धायुष्य. पुढच्या तेवढ्याच काळात उरलेल्यांपैकी निम्मे. शंभराचे पन्नास, पन्नासाचे पंचवीस. बँकेत आम्ही टेबल-खुर्च्यांचा घसारा घटत्या शिलकीवर काढत असू, तोच हा प्रकार. शिल्लक आटत जाते, शून्य मात्र होत नाही. म्हणून यंत्रातला कोबाल्ट जुना झाला की तेवढ्याच मात्रेसाठी रुग्णाला जास्त वेळ झोपवावं लागतं आणि अखेरीस कोबाल्ट बदलावा लागतो.

आता मुद्दा वहिनींचा. किरण वेगळे आणि किरण सोडणारा पदार्थ वेगळा. कोबाल्ट जाड शिशाच्या कवचात बंद असतो. झडप उघडली की किरण बाहेर येतात, अंगातून जाताना गाठीच्या पेशी मारतात आणि तिथंच संपतात. कंदील विझवल्यावर खोलीत उजेड साठून राहत नाही, तसंच हे. या गॅमा किरणांत दुसऱ्या पदार्थाला किरणोत्सर्गी करण्याइतकी शक्तीही नसते. लासलगावच्या 'कृषक' केंद्रात कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून असेच किरण देतात. तो कांदा आपण निर्धास्त खातो.

भीती सर्वस्वी खोटी असते असं नाही. पदार्थच कवचाबाहेर आला तर अनर्थ होतो. २०१० साली दिल्लीच्या मायापुरीत, एका विद्यापीठातून लिलावात गेलेलं जुनं कोबाल्टचं यंत्र भंगारवाल्यांनी तोडलं. यंत्र सुमारे चाळीस वर्षांचं. मूळच्या कोबाल्टपैकी शेकडा एक भागही उरला नसेल. तरीही एकाचा जीव गेला, अनेकजण आजारी पडले. थायरॉइडसाठी किरणोत्सर्गी आयोडीन पोटात देतात, तेव्हा तो पदार्थ खरोखरच शरीरात असतो. त्याचं अर्धायुष्य ८ दिवसांचं. म्हणून डॉक्टर काही दिवस लहान मुलांपासून दूर राहायला सांगतात. बाहेरून शेक घेतलेल्या माणसाला असं काहीच पाळावं लागत नाही.

१९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी बार्शीत सुरू झाली. बार्शी, भूम, परंडा या तालुक्यांतल्या गावोगावी माणसं फिरली, तेव्हा बायकांमध्ये गर्भाशयमुखाचाच कर्करोग सर्वांत जास्त आढळला. म्हणजे वहिनी एकट्या नव्हत्या. हा रोग वेळेत सापडला तर बरा होतो. पण बरी होऊन परतलेल्या बाईशी गाव कसं वागतं, हे बाकीच्या बायका पाहत असतात. त्यातल्या एखादीला उद्या अंगावरून जाऊ लागलं तर ती सांगेल, की लपवील?

वहिनी पुढं पंचवीस वर्षं जगल्या. निवृत्तीच्या थोडं आधी, एका बाजाराच्या दिवशी चुलीपाशी बसून मी त्यांना हे सगळं सांगितलं. कंदिलाचं उदाहरण त्यांना लगेच पटलं. आमटी ढवळत म्हणाल्या, "एवढंच हुतं व्हय भावजी? मग तवाच का न्हाई सांगितलं कुणी?"

मी गप्प राहिलो. तेव्हा मला ठाऊक नव्हतं, हे खरं. पण मी कुणाला विचारलंही नव्हतं. मुलाला मात्र उचललं होतं.