यंत्राच्या गाभ्यांतून येणारे निरोप

पावसाळ्यांत सांगलीकर सकाळीं उठला म्हणजे प्रथम एकच गोष्ट विचारतो: कोयनेंतून किती पाणी सोडलें? धरण सातारा जिल्ह्यांत, पाटण तालुक्यांत. त्याचे दरवाजे उघडले म्हणजे तें पाणी कराडास कृष्णेला मिळतें आणि कांहीं तासांनीं आमच्या आयर्विन पुलापाशीं येतें. तेथें ४५ फूट ही धोक्याची पातळी मानतात. २०१९ च्या ऑगस्टांत पाणी ५७ फुटांच्याही वर गेलें होतें, हें सांगलींत कोणाला सांगावयास नको. पाण्याच्या आधीं निरोप पोहोंचला पाहिजे, हें तेव्हांपासून येथील लहान मुलालाही कळतें.

आज मला बोलावयाचें आहे तें मात्र संगणकाविषयीं. विषय कांहींसा अंतरंगांतला आहे, म्हणून या निरोपाचा आधार घेतों. कल्पना करा कीं, धरणावर दरवाजे चालविणारा एकच मनुष्य आहे आणि दरवाजा किती फूट उघडला हें त्यानेंच सांगलीस कळवावयाचें आहे. सांगलीहून कोणी ‘ऐकलें’ असें म्हणेपर्यंत तो टेलिफोन कानाला लावून उभा राहिला, तर तेवढा वेळ दरवाजांकडे पाहणार कोण? त्यापेक्षां त्यानें चिठ्ठी लिहून जवळच्या पेटींत टाकावी, लगेच आपल्या कामाला लागावें, आणि चिठ्ठ्या क्रमानें उचलून नेणारा दुसरा कोणी असावा, हें बरें. ही चिठ्ठ्यांची पेटी म्हणजेच संगणकशास्त्रांतील निरोपांची रांग. इंग्रजींत तिला मेसेज क्यू म्हणतात.

आतां वाड्यांत शिरूं. पत्र लिहावयाचा, हिशेब मांडावयाचा, चित्रें दाखवावयाचा असे जे प्रोग्रॅम आपण वापरतों, ते सारे ओसरीवरचे पाहुणे. माजघरांत बसून स्मृतीची वांटणी करणारा, प्रोसेसरवर कोणाची पाळी केव्हां हें ठरविणारा प्रोग्रॅम निराळाच असतो. त्याला कर्नल म्हणतात. (फौजेंतल्या कर्नलाशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं, फळाच्या आंतल्या गराशीं आहे.) मी त्याला गाभा म्हणेन. कळफलक, पडदा, तबकडी अशा उपकरणांशीं बोलण्यासाठीं या गाभ्यांत लहान लहान प्रोग्रॅम बसविलेले असतात, ते ड्रायव्हर. ओसरीवरचा पाहुणा चक्कर येऊन पडला तर एकटाच पडतो. पण माजघराची तुळई मोडली तर सारा वाडा खालीं येतो. १९ जुलै २०२४ रोजीं हेंच झालें. क्राउडस्ट्राइक या कंपनीचा जो पहारेकरी प्रोग्रॅम गाभ्यांत बसतो, त्याला २१ माहित्या मिळतील अशी अपेक्षा होती, मिळाल्या २०. एकविसावी शोधावयास तो आपल्या हद्दीबाहेरच्या स्मृतींत गेला आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणें सुमारें ८५ लाख यंत्रें बंद पडलीं. आपल्या देशांतही त्या दिवशीं विमानाचीं प्रवेशपत्रें हातानें लिहून द्यावीं लागलीं.

असा दोष हुडकण्यासाठीं जें साधन असतें त्याला डीबगर म्हणतात. एकाच यंत्रांत राहून गाभा तपासावयाचा असेल तेव्हां त्याचे दोन भाग पाडतात. एक भाग ओसरीवर, प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर: अमुक जागीं थांब, तमुक स्मृति दाखव, अशा आज्ञा तो घेतो. दुसरा भाग ड्रायव्हरच्या वेषानें गाभ्यांत शिरलेला असतो. जें पाहावयाचें तें हाच पाहतो. या दोघांनीं एकमेकांशीं बोलावें कसें, हा प्रश्न दिसतो त्याहून फार अवघड आहे.

अडचण ही कीं, आंतला ड्रायव्हर थांबूं शकत नाहीं. प्रोसेसर नेमलेल्या जागीं येतांच हातांतलें काम टाकून ड्रायव्हरला जागें करतो. त्या क्षणीं ड्रायव्हरनें ‘ओसरीवरच्या भागानें माझा निरोप घेतल्यावर मी पुढें जाईन’ असें म्हटलें, तर ओसरीवरचा भाग चालावयाचा कशानें? त्यालाही प्रोसेसर हवा. आणि प्रोसेसर तर ड्रायव्हरनें अडवून धरलेला! यंत्रांत एकच प्रोसेसर असेल तर दोघेही एकमेकांची वाट पाहात कायमचे बसून राहतील. शिवाय दुसरी एक सूक्ष्म गोष्ट आहे. कांहीं दोष असे असतात कीं, दोन प्रोसेसर एका सेकंदाच्या दशलक्षांश भागांत एकाच जागेवर आदळले तरच ते प्रकट होतात. निरोप पोहोंचविण्यासाठीं त्यांतला एक जरा थांबला कीं आदळणें टळतें, आणि तपासणी चालू असेपर्यंत यंत्र अगदीं निर्दोष दिसतें! म्हणून निरोप टाकावा आणि पुढें जावें, हाच मार्ग.

ही रांग रहाटासारखी असते. विहिरीवरच्या रहाटाला जशीं ठरावीक पोहरीं, तशीं स्मृतींत समजा ६४ घरें आधींच राखून ठेवलेलीं. शेवटच्या घरानंतर पुन्हां पहिलें. आयत्या वेळीं नवीं घरें मागावयाचीं नाहींत, कारण स्मृति वांटणारा गाभाच त्या वेळीं आजारी असूं शकतो. दोन खुणा असतात. पुढचा निरोप कोठें लिहावयाचा ही एक; ती फक्त ड्रायव्हरनें हलवावयाची. पुढचा कोठून वाचावयाचा ही दुसरी. ती फक्त ओसरीवरच्यानें. दुसऱ्याच्या खुणेकडे प्रत्येकानें पाहावें, हात लावूं नये. एवढा नियम पाळला म्हणजे कुलूप लागत नाहीं, आणि कुलूप नको हेंच तर साधावयाचें आहे. कुलूप ज्याच्या हातीं आहे त्यालाच अर्ध्यावर थांबवून ड्रायव्हर जागा झाला, तर तो कुलूप उघडण्याची वाट पाहील आणि किल्ली असलेला ड्रायव्हर संपण्याची! लिनक्सच्या गाभ्याची जी नोंदवही आहे तिलाही पुष्कळ वर्षें कुलूप होतें. २०२० च्या ५.१० आवृत्तींत कुलूप न लागणारा नवा रहाट बसविण्यांत आला.

एक पथ्य मात्र कडक आहे. आधीं घरांत मजकूर लिहावा, मग खूण हलवावी. हल्लींचे प्रोसेसर वेळ वांचविण्यासाठीं हुकूम मागेंपुढें करतात, म्हणून दोहोंच्या मध्यें ‘येथपर्यंतचें पुरें झाल्यावांचून पुढें जाऊं नकोस’ असा अडसर घालावा लागतो. तो विसरला तर वाचणाऱ्याला नवी खूण दिसते आणि घरांत जुनाच मजकूर सांपडतो. कालची चिठ्ठी आजची म्हणून सांगलीस वाचली जावी, तसेंच हें. यंत्रांत आठ प्रोसेसर असतील तर लिहिणारेही आठ होतात. तेव्हां प्रत्येकाला स्वतंत्र रहाट देऊन निरोपांवर वेळ घालणें मला तरी अधिक सरळ वाटतें.

पेटी भरली तर? थांबणें तर निषिद्ध. मग सर्वांत जुना निरोप पुसावा किंवा नवा टाकून द्यावा. यांत मतभेद आहेत. जेथें शेवटचा क्षण महत्त्वाचा तेथें जुना पुसावा. जेथें आजाराचा आरंभ पाहावयाचा तेथें नवा टाकावा. पण कांहींही केलें तरी ‘इतके निरोप हरवले’ हा आंकडा लिहून ठेवलाच पाहिजे. निरोप हरवल्याचें ठाऊक असलेला मनुष्य चौकशी करतो; ज्याला ठाऊक नाहीं तो निर्धास्त झोंपतो. उलट दिशेनें जाणाऱ्या आज्ञांना ही सवलत नाहीं. त्यांची रांग वेगळी असते. प्रत्येक आज्ञेस क्रमांक असतो आणि उत्तरावर तोच क्रमांक परत येतो. ‘दरवाजा उघडा’ आणि ‘दरवाजा लावा’ यांची अदलाबदल कोणालाच परवडणारी नसते.

आतां सारें यंत्रच जागच्या जागीं थांबवून तपासावयाचें असेल, तर एका वाड्यांतली पेटी निरुपयोगी ठरते. कारण चिठ्ठ्या उचलणाराही गोठलेला असतो. तेव्हां दुसरें यंत्र शेजारीं ठेवून तारेनें जोडतात. लिनक्सच्या गाभ्यांत ही सोय २००८ च्या २.६.२६ आवृत्तीपासून आहे. तारेवरून जाणारा प्रत्येक निरोप डॉलरच्या चिन्हानें सुरू होतो. शेवटीं अक्षरांच्या बेरजेचे दोन अंक असतात. ऐकणारा स्वतः ती बेरीज करून पाहतो. जुळली तर अधिकचें चिन्ह पाठवितो, न जुळली तर उण्याचें, आणि मग तोच निरोप पुन्हां पाठविला जातो. टेलिफोनवर आंकडा ऐकल्यावर तोच उलट वाचून दाखविण्याची आपली रीत आहे ना, तीच ही. येथें थांबण्यास हरकत नाहीं, कारण ऐकणारा आपल्या प्रोसेसरवर अवलंबून नाहीं.

आणि यंत्र अकस्मात् कोसळलें, तार जोडलेली नव्हती, तर? त्यासाठीं स्मृतीचा एक लहानसा तुकडा बाजूला राखतात. यंत्र पुन्हां सुरू होतांना तो पुसावयाचा नाहीं असें ठरलेलें असतें. रहाटांतले शेवटचे निरोप त्यांत राहतात. पूर ओसरल्यावर चिखलांतून भिजलेली नोंदवही काढावी, तशी प्रोग्रॅम लिहिणारा दुसऱ्या दिवशीं ती नोंद उघडतो. आणि अनुभवी असेल तर शेवटची ओळ वाचण्याच्या आधीं हरवलेल्या निरोपांचा आंकडा पाहतो.