प्रेशर किती आहे?

सीएनजीच्या रांगेत आम्ही चालक-मालक एकमेकांना आधी भाव विचारत नाही, प्रेशर विचारतो. “किती भरतंय?” “एकशेसत्तर.” तेवढ्यावरून पुढची फेरी कशी जाईल ते कळतं. टाकी पूर्ण भरायला २०० बार दाब लागतो. दाब कमी असला की टाकीही अर्धीमुर्धीच भरते. ज्या पंपापर्यंत पाइपलाइन पोचलेली नाही, तिथे मोठ्या नळकांड्यांचे गाडे गॅस आणून लावतात. गाडा नुकताच लागला असेल तर काम पटकन होतं, पण तो रिकामा होत आला की दाब उतरतो आणि रांग लांबते. अशा वेळी माझ्या टेम्पोला पेट्रोलची टाकी आहे, याचा जीवाला मोठा आधार वाटतो.

नारायणगावहून वाशीला मी टोमॅटो नेतो. महाराष्ट्र सरकारने १ एप्रिल २०२२ पासून सीएनजीवरचा व्हॅट १३.५ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणला, तेव्हा आमच्याकडे बऱ्याच जणांनी सीएनजीचा विचार सुरू केला. मीही त्यातलाच. गाडी घेताना मी मायलेजचे आकडे घोकत होतो. आता कोणी सल्ला मागितला तर आधी सांगतो, पेट्रोलची टाकी किती लिटरची आहे ते बघ. सुपर कॅरीच्या सीएनजी गाडीत पेट्रोल जेमतेम पाच लिटर मावतं. गॅस संपला तर पुढचा पंप गाठावा, एवढाच त्याचा उपयोग. २०२२ मध्ये आलेल्या टाटा इंट्रा व्ही-२० ला मात्र पेट्रोलचीही पुरेशी टाकी दिली आहे. शहरातल्या शहरात फिरणाऱ्याला पाच लिटर पुरतं. घाट उतरून परत चढणाऱ्याचं त्यावर भागत नाही.

दोन्ही इंधनांचा हिशेब करताना लोक एक चूक हमखास करतात. किलोचा भाव थेट लिटरच्या भावाशी ताडून पाहतात. एक किलो सीएनजीत साधारण दीड लिटर पेट्रोलइतकी ऊर्जा असते, त्यामुळे फायदा दिसतो त्याहून जास्त असतो. पण जागा आणि वजन या दोन गोष्टी गॅसच्या विरोधात जातात. साठ लिटरच्या लोखंडी टाकीत गॅस नऊ-दहा किलोच मावतो, म्हणजे चौदा-पंधरा लिटर पेट्रोलचं काम. रिकामी टाकीच साठेक किलोची. आमच्याकडे टोमॅटोचा क्रेट वीस किलोचा धरतात, म्हणजे एका टाकीमागे तीन क्रेट. माझ्या गाडीला दोन टाक्या आहेत.

खरा फरक माळशेजला कळतो. वाशीहून किराणा भरून परतताना टोकावडे मागे पडलं की मी बटण दाबून पेट्रोलवर येतो. गॅस इंजिनात शिरताना हवेची काही जागा अडवतो, म्हणून ताकद दहाएक टक्क्यांनी कमी पडते आणि भरलेली गाडी चढाला खेचत नाही. गॅसचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा बराच वरचा आहे. नुसत्या गॅससाठी बांधलेल्या इंजिनात दाब वाढवून त्याचा फायदा उठवता येतो. दोन्हींवर चालणाऱ्या इंजिनाला पेट्रोल सोसेल एवढाच दाब ठेवावा लागतो. ही तडजोड मला मान्य आहे, फक्त विकणाऱ्याने ती गिऱ्हाइकाला आधी सांगायला हवी.

एका जुलैत पहाटे घाटाखाली गाडी गॅसवर अडखळू लागली. बॉनेट उघडलं तर रेग्युलेटरवर पांढरं दंव. भर पावसात, उष्ण कोकणात! दोनशे बारचा गॅस इथे एकदम मोकळा होतो आणि मोकळा होताना भयंकर गार पडतो. म्हणून इंजिनाचं गरम पाणी रेग्युलेटरमधून फिरवलेलं असतं. सकाळी गाडी पेट्रोलवर सुरू होते आणि पाणी तापल्यावर आपोआप गॅसवर जाते, तेही याचसाठी. त्या दिवशी पाण्याचा पाइप क्लिपपाशी सैल झाला होता आणि बरंचसं पाणी गळून गेलं होतं. इंजिन गार होऊ दिलं, क्लिप आवळली, पाणी भरलं आणि निघालो. तेव्हापासून निघायच्या आधी पाणी बघितल्याशिवाय मी सेल्फ मारत नाही. पेट्रोलही पाव टाकीच्या खाली जाऊ देत नाही. टाकीत पडून राहिलेलं पेट्रोल इंजेक्टर तुंबवतं, म्हणून आठवड्याला एक फेरी तरी पेट्रोलवर काढतो.

नोव्हेंबर २०२५ मध्ये ट्रॉम्बे भागात मुख्य गॅसवाहिनीचं नुकसान झालं आणि मुंबईतले कितीतरी सीएनजी पंप थंडावले. रिक्षा-टॅक्सीवाल्यांनी तासन्‌तास रांगा लावल्या. त्यांचा रोज बुडाला. ज्या गाडीत पेट्रोल होतं, ती निदान भाडं पोचवू शकली.

टाक्यांची तपासणी दर तीन वर्षांनी करावी लागते. टाकी उतरवून, पाणी भरून तिच्यावर दाब देतात आणि पास झाली की नव्या तारखेचा दाखला मिळतो. माझ्या टाक्या गेल्या तेव्हा गाडी उभी ठेवायची माझी ऐपत नव्हती. टोमॅटो तयार होता, व्यापाऱ्याचा फोन आला होता. दोन दिवस नुसत्या पेट्रोलवर वाशी केली. कमाईतला मोठा हिस्सा पेट्रोलपंपावर गेला, पण माल वेळेत उतरला. परतीला चेसिसखालची जागा मोकळी होती, सहा क्रेटचं वजन कमी होतं, आणि माळशेजच्या ज्या वळणावर एरवी पहिला गिअर टाकावा लागतो, ते वळण गाडी दुसऱ्यावर चढली.