दूरचित्रवाणीवरील बालगायक : कला, शाळा आणि कायदा

पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या महामार्गावर वाघोली हे गाव वसले आहे. वाघेश्वराचे मंदिर, पिलाजी जाधवराव यांच्या घराण्याशी निगडित इतिहास आणि परिसरातील दगडखाणी ही या गावाची जुनी ओळख. जून २०२१ मध्ये वाघोलीसह तेवीस गावे पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत समाविष्ट करण्यात आली आणि ग्रामपंचायतीचा कारभार संपुष्टात आला. शेतांच्या जागी तत्पूर्वीच गृहसंकुले उभी राहू लागली होती. तथापि, खाणींवर राबणाऱ्या स्थलांतरित मजुरांची वस्ती हे येथील वास्तव शहरीकरणाहून जुने आहे. या मजुरांच्या मुलांसाठी ‘संतुलन’ या संस्थेने पाषाणशाळा चालविल्या. साहजिकच बालकामगारविषयक कायदा म्हटला की अशा गावातील शिक्षकांच्या आणि लोकप्रतिनिधींच्या डोळ्यांसमोर खाण, वीटभट्टी किंवा उपाहारगृह उभे राहते.

हाच कायदा दूरचित्रवाणीच्या झगमगत्या मंचावर ध्वनिक्षेपक हाती घेऊन गाणाऱ्या दहा वर्षांच्या मुलीलाही लागू आहे, ही गोष्ट मात्र सहसा ध्यानात येत नाही. गावातील एखादे मूल स्पर्धेसाठी निवडले गेले की फलक लागतात, सत्कार होतो, शाळेत पेढे वाटले जातात. हे सारे उचितच आहे. परंतु त्या मुलाचे दिवसाचे किती तास चित्रीकरणात जातील, शाळा किती बुडेल आणि मिळालेल्या पैशांचे काय होईल, हे प्रश्न सत्काराच्या गडबडीत विचारण्याचे राहून जातात.

आळंदी, अलिबाग, लातूर

मुलांचे गाणे सार्वजनिक माध्यमांतून ऐकविण्याची प्रथा महाराष्ट्रात नवी नाही. आकाशवाणीचे पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी आणि दूरदर्शनचे मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. या दोन्ही माध्यमांनी बालकांच्या कार्यक्रमांना आरंभापासून स्थान दिले. तेथे मूल गाऊन घरी जाई. कोणी जिंकत नसे आणि कोणी बाद होत नसे. स्पर्धेचे आजचे रूप खासगी वाहिन्यांबरोबर आले. झी वाहिनीने १९९५ मध्ये हिंदीत ‘सा रे ग म’ हा कार्यक्रम सुरू केला. पुढे त्याचा मराठी अवतार आला आणि २००८ मध्ये झी मराठीवर बालगायकांसाठी ‘सा रे ग म प लिटिल चॅम्प्स’ ही स्पर्धा सुरू झाली. इंग्रजी नाव धारण केलेल्या या कार्यक्रमाने अभंग, गवळण, नाट्यपद आणि भावगीत घरोघरी पोचवावे, हा एक गमतीचा विरोधाभासच म्हणावयाचा.

अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत हे या स्पर्धेचे परीक्षक होते; सूत्रसंचालन पल्लवी जोशी यांनी केले. अंतिम टप्प्यात पोचलेली पाच मुले ‘पंचरत्न’ या नावाने ओळखली जाऊ लागली : आळंदीची कार्तिकी गायकवाड, पुण्याची आर्या आंबेकर, रत्नागिरी जिल्ह्यातील प्रथमेश लघाटे, अलिबागची मुग्धा वैशंपायन आणि लातूरचा रोहित राऊत. फेब्रुवारी २००९ मध्ये झालेल्या अंतिम फेरीत कार्तिकी महाविजेती ठरली.

या पाच नावांपुढील गावे पाहिली तर कोकण, मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्र ही यादी डोळ्यांपुढे येते. मुंबई तीत नाही. यशाचे मूळ स्टुडिओत नव्हे, तर मुलांच्या घरी आणि गावी होते, हेही त्यावरून दिसते. कार्तिकीचे वडील कल्याणजी गायकवाड हे स्वतः गायक व संगीत शिक्षक. आळंदीत टाळ-मृदंगाचा नाद बारा महिने कानी पडतो. अभंग आणि गवळण तेथील मुलाला निराळे शिकवावे लागत नाहीत, ते फक्त घासूनपुसून घ्यावे लागतात. आर्याच्या आई श्रुती आंबेकर या शास्त्रीय गायिका. दूरचित्रवाणीने या मुलांना गायला शिकविले नाही. गाणारी मुले शोधून ती राज्यासमोर उभी केली. हे श्रेय लहान नाही. आळंदीहून वाहणारी इंद्रायणी तुळापूरला भीमेस मिळते आणि तुळापूरपासून वाघोली जवळच आहे. या पट्ट्यातील गावोगावच्या भजनी मंडळांत पेटीच्या कडेला बसून सूर धरणारी मुले आजही आढळतात. त्यांच्यापैकी एखाद्याला राज्यभर ऐकले जाऊ शकते, हा विश्वास २००९ नंतर निर्माण झाला. २०२१ मध्ये ही स्पर्धा पुन्हा आली तेव्हा ते पाचही जण परीक्षकांच्या बाजूस बसले होते.

स्पर्धेचे तंत्र थोडक्यात असे. निरनिराळ्या शहरांत स्वरचाचणी होते, निवडलेल्या मुलांना चित्रीकरणासाठी बोलाविले जाते आणि भागांमागून भाग चित्रित होत जातात. या कार्यक्रमात गुण आकड्यांत न देता स्वरांत देण्याची पद्धत होती. ‘नी’ मिळाला की मूल हरखून जाई. प्रेक्षकांची मते भ्रमणध्वनीवरील लघुसंदेशांद्वारे मागविली जात. या मतांमुळे गाव आणि तालुका स्पर्धेत ओढला गेला. आपल्या गावच्या मुलाला मत देणे यात गैर काहीच नाही. परंतु गाण्याचा निकाल आणि गावाची प्रतिष्ठा यांची अशी गाठ पडली की हरलेल्या मुलाच्या मनावर साऱ्या गावाचे ओझे येते. दहा-बारा वर्षांच्या वयाला ते पेलत नाही.

कायदा काय सांगतो

बालकामगार (प्रतिबंध व विनियमन) अधिनियम १९८६ सालचा. २०१६ मध्ये त्यात मूलगामी सुधारणा करण्यात आली आणि चौदा वर्षांखालील बालकास कोणत्याही व्यवसायात कामास लावण्यास मनाई करण्यात आली. या मनाईला जे मोजके अपवाद ठेवण्यात आले, त्यांपैकी एक बालकलावंतांचा आहे. चित्रपट, दूरचित्रवाणी मालिका, जाहिराती इत्यादी मनोरंजन क्षेत्रात आणि सर्कस वगळून क्रीडाप्रकारांत मूल भाग घेऊ शकते. मात्र त्यामुळे त्याच्या शालेय शिक्षणास बाधा येता कामा नये. जून २०१७ च्या नियमांत दूरचित्रवाणीवरील वास्तवदर्शी कार्यक्रम, प्रश्नमंजूषा आणि गुणदर्शनाचे कार्यक्रम यांचा स्पष्ट उल्लेख आहे. पैशांसाठी रस्त्यावर केलेले सादरीकरण मात्र या सवलतीत बसत नाही. म्हणजे खाणीवरील मूल आणि मंचावरील मूल एकाच कायद्याच्या छत्राखाली येतात : एकाला तो काम करू देत नाही, दुसऱ्याला अटींवर करू देतो.

या अटीच महत्त्वाच्या आहेत. निर्मात्याने चित्रीकरण जेथे होणार त्या जिल्ह्याच्या जिल्हादंडाधिकाऱ्यांची अनुमती घेतली पाहिजे. त्यासाठी विहित नमुन्यात हमीपत्र, सहभागी मुलांची यादी, पालकांची संमती आणि मुलांच्या सुरक्षिततेस जबाबदार असणाऱ्या व्यक्तीचे नाव द्यावे लागते. दिवसातून पाच तासांपेक्षा अधिक आणि विश्रांतीविना तीन तासांपेक्षा अधिक काम मुलाकडून घेता येत नाही. सलग सत्तावीस दिवसांहून अधिक काळ त्याला कामावर ठेवता येत नाही आणि या काळात शाळेच्या अभ्यासात खंड पडू नये अशी सोय निर्मात्यानेच करावयाची असते. दर पाच मुलांमागे निदान एक जबाबदार व्यक्ती नेमावी लागते. वेळेवर सकस आहार, स्वच्छ व सुरक्षित निवास आणि शारीरिक व मानसिक आरोग्याची काळजी यांचाही नियमांत समावेश आहे. मुलाच्या इच्छेविरुद्ध त्याला सहभागी करून घेता येत नाही. येथे पालकांची संमती पुरेशी नाही, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे.

पैशांबाबतची तरतूद तर प्रत्येक पालकाने पाठ करावी अशी आहे. मुलाच्या उत्पन्नापैकी किमान वीस टक्के रक्कम थेट राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेवीत ठेवली गेली पाहिजे, म्हणजे ती मूल सज्ञान झाल्यावर त्याच्या हाती पडते. उदाहरणार्थ, एखाद्या बालगायकास पन्नास हजार रुपये मिळाले, तर किमान दहा हजार रुपयांना घरातील कोणाचाही हात लागता कामा नये. उर्वरित रक्कम पालकांच्या स्वाधीन होते. हे प्रमाण पाहता वीस टक्के हा किमान आकडा आहे, मर्यादा नव्हे, याची जाणीव देण्याचे काम गावातील जाणत्या माणसांचे आहे.

२०१९ च्या जूनमध्ये केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने खासगी वाहिन्यांना एक सूचनापत्रही पाठविले. नृत्यस्पर्धांत लहान मुलांकडून प्रौढांना शोभणारे हावभाव करवून घेतले जातात, ते टाळावे, असा त्याचा आशय होता. सूचनेचा रोख नृत्याकडे असला तरी गाण्याच्या स्पर्धांनाही ती गैरलागू नाही. आठ वर्षांच्या मुलीकडून विरहाची लावणी म्हणवून घेणाऱ्या मोठ्यांनी टाळ्यांच्या गजरात थोडा विचार करावयास हवा.

आवाजाचे वय

बालकलावंतांसाठीच्या या अटी चौदाव्या वर्षी थांबतात. मुलाचा आवाज मात्र नेमका त्याच सुमारास बदलू लागतो. वयात येताना मुलाचे स्वरयंत्र मोठे होते, स्वरतंतू लांब आणि जाड होतात आणि आवाज सुमारे एका सप्तकाने खाली उतरतो. मुलींचाही आवाज बदलतो, पण हा फरक थोडा असतो. या काळात आवाज चिरकतो, कधी साधत नाही. हा दोष नव्हे, वाढीचा भाग आहे. अशा वेळी जुन्याच उंच पट्टीत गाण्याचा हट्ट धरला, मूळ ध्वनिमुद्रिकेसारखेच वाटावे म्हणून रोज तासन् तास घसा ताणला, तर आवाजास इजा पोचण्याचा संभव असतो. बारा-तेरा वर्षांचा लाडका बालगायक दोन वर्षांनी गप्प झालेला दिसतो, तेव्हा लोक ‘आवाज गेला’ म्हणतात. वस्तुतः तो गेलेला नसतो. नवा आवाज बसण्यास अवकाश लागतो आणि तेवढा अवकाश त्याला कोणी दिलेला नसतो.

या संदर्भात कुमार गंधर्वांचे उदाहरण उद्‌बोधक आहे. बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे १९२४ मध्ये जन्मलेले शिवपुत्र कोमकाळी बालपणी थोर गायकांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन दाखवीत. जलशांतून त्यांचे कौतुक होत असे. परंतु १९३६ च्या सुमारास ते मुंबईत प्रा. बा. र. देवधर यांच्या विद्यालयात दाखल झाले आणि तेथे अनेक वर्षे शिकले. हुबेहूब अनुकरण ही बालवयातील थक्क करणारी शक्ती असली तरी ती गायकी नव्हे, हे गुरूने आणि शिष्याने वेळीच ओळखले. स्वतःची गायकी त्यानंतर घडली. आजच्या बालगायकाला जलसा मिळतो, देवधर मिळतीलच असे नाही.

तालुक्याच्या ठिकाणी संगीताचे पद्धतशीर शिक्षण मिळण्याची एक वाट मात्र जुनी आणि भक्कम आहे. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. त्यांच्या परंपरेतील अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून विशारदपर्यंत पायरीपायरीने चालतात. शास्त्रीय कलांच्या अशा परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या विद्यार्थ्यांना माध्यमिक शालान्त परीक्षेत वाढीव गुणांची सवलतही राज्यात देण्यात आली आहे. दूरचित्रवाणीच्या स्पर्धेत एकच मूल जिंकते. प्रारंभिक परीक्षेला मात्र वर्गातील गाणारी सारी मुले बसू शकतात.

शाळेने काय पाहावे

वाघोलीतील मुलाचे चित्रीकरण मुंबईत होणार असेल, तर निर्मात्याचा अर्ज पुण्याच्या नव्हे, चित्रीकरण होणाऱ्या जिल्ह्याच्या जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे जातो. त्यामुळे मूल ज्या शाळेत शिकते त्या शाळेला आणि ज्या गावात राहते त्या गावाला या अनुमतीची वार्ता आपोआप लागत नाही. हा या व्यवस्थेतील एक कच्चा दुवा आहे. मुख्याध्यापकांनी रजेचा अर्ज मंजूर करताना पालकांकडून अनुमतीची आणि हमीपत्राची प्रत मागून घ्यावी. त्यासाठी वेगळ्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. गैरहजेरीच्या तारखा हजेरीपटावर असतातच. त्यांवरून सत्तावीस दिवसांची मर्यादा पाळली जाते किंवा नाही, हे शाळेइतके दुसऱ्या कोणालाही चटकन कळणार नाही. बुडालेल्या अभ्यासासाठी निर्मात्याने कोणती सोय केली, हेही शिक्षकांनी मुलालाच विचारावे. उत्तर खरे मिळते.

ग्रामपंचायत किंवा प्रभागातील सदस्यांनी सत्काराच्या वेळी पालकांना बँकेतील मुदत ठेवीविषयी आवर्जून सांगावे, तसेच सत्कारात रोख रक्कम द्यावयाची असल्यास ती मुलाच्याच खात्यात जमा करावी. मूल छळाला किंवा उपेक्षेला बळी पडत असल्याची शंका आल्यास १०९८ या क्रमांकावर कळविता येते. निर्मात्याने दिलेले हमीपत्र सहा महिनेच ग्राह्य असते. स्पर्धा त्यापुढे लांबली, तर शाळेने प्रत पुन्हा मागावी.