कालव्यांचा मंगळ आणि हवेची गिरणी

मंगळावर कालवे आहेत, असे एकेकाळी चांगली शिकलीसवरलेली माणसे मानीत असत. १८७७ साली इटलीच्या स्कियापारेल्लीला दुर्बिणीतून मंगळावर रेषा दिसल्या. त्याने त्यांना ‘कनाली’ म्हटले. इटालियन भाषेत हा शब्द निसर्गाने पाडलेल्या पात्रालाही चालतो. इंग्रजीत मात्र त्याचा खणलेला कालवा झाला. आणि कालवा म्हटला की तो खणणारा कोणीतरी आलाच! अमेरिकेतल्या पर्सिव्हल लॉवेल या धनिकाने १८९४ मध्ये अ‍ॅरिझोनात वेधशाळा उभारली आणि मग आयुष्यभर एकच गोष्ट सांगितली : मंगळ सुकत चालला आहे आणि तिथले लोक ध्रुवावरच्या बर्फाचे पाणी कालव्यांनी खेळवीत आहेत. पुष्कळ खगोलशास्त्रज्ञांनी नाके मुरडली. वाचकांना मात्र ते पटले.

एवढे पुराण लावले ते अशासाठी, की परग्रहांवरच्या जुन्या साहसकथांना आपण सरसकट थापा म्हणून मोडीत काढतो. त्यांच्या पायाशी त्या काळचे विज्ञान होते, भले चुकीचे का असेना.

एडगर राइस बरोज हा शिकागोतला पस्तिशीचा गृहस्थ. घोडदळ, सोन्याचा शोध, रेल्वेतली पोलिसगिरी. कशातच त्याचा जम बसला नाही. पेन्सिलींना टोक करण्याच्या यंत्रांचा धंदाही चालेना, तेव्हा १९११ मध्ये त्याने मंगळावरची कादंबरी लिहायला घेतली. ‘ऑल-स्टोरी’ मासिकाने ती ४०० डॉलरना विकत घेऊन फेब्रुवारी १९१२ पासून क्रमशः छापली. लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त, खरखरीत कागदावर निघणारी ही मासिके. त्या कागदावरूनच त्यांना ‘पल्प’ हे नाव पडले. आपले डोके ठिकाणावर आहे हे लोकांना कळावे म्हणून बरोजने ‘नॉर्मल बीन’ असे टोपणनाव घेतले होते. छापताना कोणीतरी शहाणपणाने त्याचे ‘नॉर्मन’ केले! पुढे १९१७ मध्ये ‘अ प्रिन्सेस ऑफ मार्स’ हे पुस्तक आले.

मी ते वाचले फाउंटनच्या पदपथावरून आणलेल्या, मुखपृष्ठ हरवलेल्या प्रतीत. नायक जॉन कार्टर अ‍ॅरिझोनातल्या एका गुहेतून थेट मंगळावर पोहोचतो. कसा, ते लेखक सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. तिथे गुरुत्वाकर्षण कमी, म्हणून तो टोळासारखा उड्या मारतो. चार हातांचे हिरवे योद्धे आहेत, हवेत तरंगणारी जहाजे आहेत. पण माझ्या मनात राहिले ते कोरडे पडलेले समुद्र. पाणी मागे हटत गेले तशी माणसेही त्याच्या मागोमाग सरकली आणि जुनी बंदरे ओस पडली. विहिरी आटल्या की गाव कसे उठते हे पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. श्वासाची हवासुद्धा तिथे कारखान्यात तयार होते. ती हवेची गिरणी बंद पडली की सारा ग्रह गुदमरणार!

आज वाचताना काही गोष्टी खटकतात. कार्टर हा गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेच्या फौजेतला कप्तान; परक्या ग्रहावर जाऊन तो तिथल्यांहून सरस योद्धा ठरतो. राजकन्या देजा थोरिस पकडली जाते तेव्हा एका शास्त्रीय मोहिमेवर असते. लेखकाने तिचे हे शास्त्र पुढे जवळजवळ विसरूनच टाकले आणि तिला सोडवून घेण्याच्या कामाला लावले. मला तिच्या वह्या वाचायला जास्त आवडल्या असत्या.

या मंगळाचा अंत जुलै १९६५ मध्ये झाला. ‘मरिनर ४’ यानाने जवळून काढलेली २२ छायाचित्रे पाठवली. एकेक यायला कित्येक तास लागत होते. धीर न धरवून तंत्रज्ञांनी यानाकडून आलेल्या आकड्यांच्या कागदी पट्ट्या भिंतीवर लावल्या आणि चक्क खडूंनी रंगवून चित्र पुरे केले. दिसले काय? चंद्रासारखी विवरे, विरळ हवा आणि कालवा एकही नाही.

पण याने धाडणाऱ्यांत या कथांचे वाचकही होते. कार्ल सेगन लहानपणी मोकळ्या मैदानात हात पसरून मंगळाला ‘मला ने’ म्हणून विनवीत असे. मोठेपणी ‘व्हायकिंग’ मोहिमेत काम करणाऱ्या या शास्त्रज्ञाने कॉर्नेल विद्यापीठातल्या आपल्या खोलीबाहेर बरोजच्या मंगळाचा नकाशा लावला होता.

फेब्रुवारी २०२१ मध्ये ‘पर्सिव्हिअरन्स’ ही गाडी मंगळावर उतरली ती एका आटलेल्या सरोवरात. तिथे अब्जावधी वर्षांपूर्वी नदी येऊन मिळत होती. त्या गाडीवर ‘मॉक्सी’ नावाची एक छोटी पेटी होती. मंगळाच्या हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून तिने २०२३ पर्यंत मिळून १२२ ग्रॅम प्राणवायू तयार केला. लहानसे कुत्रे दहा तास श्वास घेईल, एवढा.