कर्नाळ्याच्या पावसात विजेवरचे दरवाजे

विजेवर चालणारा दरवाजा हे घरातील असे यंत्र आहे, की जे पंखा किंवा पंप यांच्याप्रमाणे जाळीआड वा कोपऱ्यात न राहता नेमके माणसांच्या येण्या-जाण्याच्या वाटेवर काम करते, आणि तरीही त्याच्याकडे यंत्र म्हणून पाहण्याची सवय अजून फारशी रुजलेली नाही. पनवेल तालुक्यात, पळस्पे फाट्यापासून शिरढोणमार्गे कर्नाळ्याकडे जाणाऱ्या मुंबई-गोवा महामार्गाच्या दोन्ही अंगांना गेल्या काही दशकांत जी फार्महाऊस, बंगले आणि छोट्या वसाहती उभ्या राहिल्या, त्यांच्या गाडी ठेवण्याच्या जागांना आता असे दरवाजे सर्रास बसवले जातात. एकोणिसाव्या शतकात बैलगाडीच्या चाकांसाठी नावाजलेल्या या परिसराचे वाहनाशी नाते जुने आहे. वाहनासाठी आपोआप उघडणारा दरवाजा मात्र नवा आहे, आणि त्याची देखभाल कोणी, केव्हा व कशी करावी याची रीत अजून बसायची आहे.

या भागात त्याचे प्रामुख्याने तीन प्रकार दिसतात. पहिला, जमिनीतील रुळावर चाकांनी सरकणारे लोखंडी फाटक, ज्याच्या तळाशी दातेरी पट्टी जोडलेली असून मोटरचे दातेरी चाक तिला ओढते. दुसरा, पत्र्याच्या पट्ट्या एकमेकींत अडकवून केलेले आणि वरच्या नळीवर गुंडाळले जाणारे शटर. आणि तिसरा, नव्या बंगल्यांतून दिसू लागलेला, आडव्या फळ्यांचा बिजागरीने जोडलेला दरवाजा, जो दोन्ही बाजूंच्या पन्हळींतून वर चढून छताखाली आडवा होतो. तिसऱ्या प्रकाराचा उगम अमेरिकेत १९२१ च्या सुमारास झाला आणि पाचेक वर्षांत त्याला विजेची जोड मिळाली.

कर्नाळा किल्ल्यावर एकामागून एक उभे असलेले दरवाजे बाहेरच्या शत्रूला थोपवण्यासाठी बांधलेले होते, आणि घराच्या दरवाजाबाबतचा विचार आजही बहुधा त्याच दिशेने धावतो: कुलूप किती भक्कम, कॅमेरा कुठे, रिमोटचा संकेत चोराला पकडता येईल काय. हे प्रश्न गैर नाहीत. परंतु शेकडो किलो वजनाचे फाटक जेव्हा बटण दाबताच हलू लागते, तेव्हा पहिला प्रश्न चोराचा नसून त्या फाटकापासून घरातल्याच माणसांना, विशेषतः मुलांना, असलेल्या धोक्याचा असतो. अमेरिकेत १९८० च्या दशकात डझनावारी मुले अशा दरवाजांखाली दगावली, आणि त्यातून १९९० च्या कायद्याने १ जानेवारी १९९३ पासून तयार होणाऱ्या प्रत्येक घरगुती यंत्राला दुहेरी संरक्षण सक्तीचे झाले: अडथळ्याला टेकताच दोन सेकंदांच्या आत दरवाजाने उलट फिरले पाहिजे, आणि याखेरीज वाटेतील माणूस स्पर्शाआधीच ओळखणारा किरण किंवा दाब ओळखणारी कडा असली पाहिजे. युरोपातील मानकाने हाच विचार बलाच्या मापात मांडला, म्हणजे बंद होणाऱ्या कडेचा पहिला धक्का ४०० न्यूटनच्या, अर्थात सुमारे चाळीस किलोच्या भाराच्या वर जाऊ नये आणि पाऊण सेकंदात तो १५० न्यूटनच्या खाली यावा. भारतात शटरच्या पत्र्यासाठी आणि घडणीसाठी आय. एस. ६२४८ हे १९७९ चे मानक आहे खरे, पण गल्लीतल्या फॅब्रिकेटरकडून फाटक आणि बाजारातून मोटर आणून दोन्ही जुळवली जातात, तेव्हा त्या जोडणीची तपासणी प्रत्यक्षात घरमालकाच्याच पदरी पडते.

या सर्व साधनांत सर्वांत उपयुक्त आणि सर्वांत जास्त दुर्लक्षित साधन म्हणजे फोटोसेल. वाटेच्या एका बाजूची डबी डोळ्यांना न दिसणारा अवरक्त किरण सोडते, समोरची डबी तो झेलते, आणि मध्ये काही आल्यास बंद होणारा दरवाजा थांबतो किंवा मागे फिरतो. फळ्यांच्या दरवाजासाठी हा किरण जमिनीपासून १५ सेंटीमीटरच्या वर नसावा असा संकेत आहे, कारण रांगणारे मूल किंवा पडलेला माणूस त्याहून उंच किरणाच्या खालून सहज निसटतो. शहरी कोरड्या हवेत ही डबी वर्षानुवर्षे विनातक्रार चालते. कर्नाळ्याच्या जंगलालगत मात्र तिच्या काचेवर कोळी जाळे विणतात, वायरच्या भोकातून मुंग्या आत शिरून घर करतात, पावसाळ्यात आतून दव धरते आणि वाढलेल्या गवताचे पाते वाऱ्याबरोबर किरणात डोलत राहते. परिणामी दरवाजा भर पावसात अर्ध्यावर थांबून उलटा फिरू लागतो, भिजलेला मालक वैतागून तंत्रज्ञाला बोलावतो, आणि तंत्रज्ञ पाच मिनिटांत तक्रार मिटवतो: नियंत्रक पेटीतील फोटोसेलची दोन टोके वायरच्या तुकड्याने जोडून टाकतो. बोलीभाषेत ‘बायपास’ म्हणतात ती हीच क्रिया.

येथे या विषयाचे मर्म आहे. फोटोसेलचा संपर्क मुद्दाम असा ठेवलेला असतो, की सर्व ठीक असताना तो जुळलेला राहतो आणि वायर तुटली, वीज गेली वा डबी बिघडली तर तो सुटतो, म्हणजे साधन बिघडले की दरवाजा बंद होण्यास नकार देतो. वायरचा तो तुकडा ही सारी योजना रद्द करतो आणि नियंत्रकाला कायमचे ‘वाट मोकळी आहे’ असे सांगत राहतो. त्यानंतर दरवाजा पूर्वीपेक्षाही सुरळीत चालतो, त्यामुळे संरक्षण गेल्याचे कोणाच्याही लक्षात येत नाही. खरा उपाय कंटाळवाणा असला तरी स्वस्त आहे: काच मऊ कापडाने पुसणे, वायरचे भोक सिलिकॉनने बुजवणे, डब्यांच्या आसपासचे गवत कापणे, आणि दोन्ही डब्या एका रेषेत आहेत की नाही ते त्यांवरील बारीक दिव्यावरून पाहणे.

अशीच दुसरी पळवाट बलाच्या मांडणीत असते. अडथळा जाणवल्यावर मोटरने किती जोर लावून थांबावे हे पेटीतील एका खुंटीने वा आकड्याने ठरवता येते. लाल मातीचा चिखल रुळात बसून वाळला, किंवा चाकातील बेअरिंग गंजले, की फाटक जड होते आणि मोटर अडथळा समजून थांबते. अशा वेळी रूळ खरवडण्याऐवजी जोर वाढवणे सोपे वाटते. पण वाढवलेला जोर चिखल आणि माणूस यांत भेद करत नाही. म्हणून मोटर सोडवून फाटक हाताने ढकलून पाहणे हीच पहिली तपासणी होय. ते एका माणसाला सहज ढकलता येत नसेल, तर दोष मोटरमध्ये नसून लोखंडात आहे.

सरकत्या फाटकाबाबत एक धोका विजेशी संबंधितच नाही. रुळाच्या टोकाला असलेला स्टॉपर, म्हणजे फाटकाला पुढे जाऊ न देणारा वेल्ड केलेला ठोकळा, गंजून निसटला किंवा वरच्या मार्गदर्शक चाकांचा खांब सैल झाला, तर फाटक रुळाबाहेर जाऊन आडवे पडते, आणि त्याखाली मूल सापडल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांतून अधूनमधून येत राहतात. मोटरचा लिमिट स्विच, म्हणजे ठरलेल्या जागी वीज तोडणारा खटका, स्टॉपरची जागा घेऊ शकत नाही. डोंगरउतारावरील जागेत तर अधिक जपावे लागते, कारण वीज गेल्यावर किल्लीने मोटर सोडवली, की उताराचे फाटक आपल्याच वजनाने चालू लागते.

शटरची गोष्ट वेगळी आहे. ते नळीवरून नुसते सोडले जात असल्याने खाली काही आल्यावर पट्ट्या त्यावर टेकतात, मोटर मात्र उरलेले शटर सोडतच राहते आणि सारे वजन अडकलेल्या वस्तूवर येते. कित्येक साध्या मोटरांना याची जाणीव होत नाही. अशा शटरला तळाशी दाब ओळखणारी रबरी कडा लावावी. ते शक्य नसेल तर रिमोट काढून, दाबून धरले तरच चालणारे बटण शटर पूर्ण दिसेल अशा जागी बसवावे.

फळ्यांच्या दरवाजाचे वजन वरची पिळाची स्प्रिंग पेलते. तिचे सर्वसाधारण आयुष्य दहा हजार उघडझापांचे धरतात, म्हणजे दिवसाला चार वेळा वापर असल्यास जेमतेम सात वर्षे. खाडीकडून येणारी खारी हवा ते आणखी घटवते. मोटर सोडवून दरवाजा हाताने अर्ध्यावर आणल्यास तो तेथेच राहिला पाहिजे. खाली घसरत असेल तर स्प्रिंग थकली आहे. तुटक्या स्प्रिंगचा दरवाजा उघडा असताना लाल दोरी ओढून मोटर सोडवणे धोक्याचे आहे, कारण सगळे वजन एकदम खाली येते. ताणलेल्या स्प्रिंगला हात लावणे हे कारागिराचे काम आहे, हौशी माणसाचे नव्हे.

उलट फिरण्याची चाचणी मात्र घरच्या घरी करता येते. चारेक सेंटीमीटर जाडीची फळी उंबऱ्यावर आडवी ठेवून वरून येणारा दरवाजा बंद करावा. फळीला टेकताच तो परतला पाहिजे. मग दरवाजा बंद होत असताना बाजूला उभे राहून लांब काठीने किरण अडवावा. या दोन चाचण्या महिन्यातून एकदा कराव्यात. मे महिन्यात, पावसापूर्वी, वायरमनकडून फाटकाचे अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा खटका तपासून घ्यावा, कारण ओल्या केबलमुळे संपूर्ण लोखंडी फाटकात वीज उतरू शकते. वार्षिक देखभालीचा करार असल्यास भेटीच्या पावतीवर ‘सर्व्हिसिंग केले’ एवढेच न लिहिता फळीची चाचणी, किरणाची चाचणी आणि पेटीत जोडलेला वायरचा तुकडा नसल्याची नोंद तंत्रज्ञाकडून तारीखवार लिहून घ्यावी, आणि ती पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूस चिकटवावी, म्हणजे पुढच्या पावसात येणारा दुसरा तंत्रज्ञही ती वाचू शकेल.